वाहत्या नळ्या आधी बांधल्या

निंबोला

प्रिय मोनाली,

तू समुद्रातल्या कामावरून खोलीवर परतशील तेव्हा हे पत्र दारात पडलेलं असेल. रोज फोनवर बोलणारी आई पत्र कशाला लिहिते, म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे ठणठणीत आहेत. केळीचे घड असे भरलेत की तुझे पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बागेत नेतात. तू ही तेलाची नोकरी धरल्यापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत आणि तूही तशीच हट्टी, तेवढं एक सोडलं तर घर मजेत आहे.

मागच्या आठवड्यात मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली. आपलं पाणी क्षाराचं, त्यामुळे ठिबकच्या टोकाकडच्या नळ्या पुन्हा चोंदल्या. यांनी पाण्यात ॲसिड सोडलं आणि मिशीवर हात फिरवत बांधावर बसले. ॲसिड सगळं मोकळ्या नळ्यांतूनच वाहून गेलं, चोंदलेल्या तशाच. म्हणून त्या संध्याकाळी मी तुला सहज विचारल्यासारखं विचारलं. तू म्हणालीस, तुमच्या तेलविहिरीतही हेच होतं. खोदताना गेलेल्या चिखलाने चुनखडीची छिद्रं बुजतात, तेल येईनासं होतं, आणि ॲसिड सोडावं तर ते सोपी वाट धरतं. मग तुम्ही घट्ट जेल सोडून ती मोकळी वाट तेवढ्यापुरती बंद करता, तेव्हा कुठे ॲसिड बुजलेल्या दगडात शिरून नवी वाट पाडतं.

फोन स्पीकरवर होता आणि पप्पा शेजारी भाकरी मोडत होते. सकाळी त्यांनी वाहत्या नळ्या दुमडून बांधल्या, मगच ॲसिड सोडलं. टोकाच्या ओळीत पाणी आलं तसं आपल्या गड्याला, भिकनला, ऐटीत सांगू लागले, "माझी पोरगी समुद्राखाली हेच काम करते. फर्क इतकाच, तिथं दगड आहे न् इथं प्लास्टिक." मला हसू आवरेना, आणि रडूही आलं.

त्या बांधलेल्या नळ्या बघताना लक्षात आलं, या घरातली मोकळी नळी मीच आहे. 'पप्पांना सांग', 'तिला विचार', सगळं माझ्यातूनच वाहून जातं. म्हणून तू किनाऱ्यावर येशील त्याच दिवशी माझा फोन यांच्या खिशात ठेवून मी शाहपूरला निर्मलामावशीकडे राहायला जाते आहे. यंदा एका तेलविहिरीचं अख्खं काम कंपनीने तुझ्या हाती दिलंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तूच सांग. आवाज ओळखूनही ते 'कोण बोलतंय' असं विचारतील. तू फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई