टेपमधल्या बाईनं परत विचारलंच नाही

पडेगाव,
रविवार दुपार

प्रिय मालन आत्या,

तुला सुलेखाचा सप्रेम जय भीम. प्रणयदादा आणि वहिनीलाही सांग (वहिनीशी सध्या बोलत असलीस तर, नसलीस तर मीच फोन करीन). गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, दुखतच असतील. मी दिलेल्या गोळ्या डब्यात तशाच असतील, तेही विचारत नाही. आता पोरगी फोन सोडून पत्र का लिहायला लागली म्हणशील, तर फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्राला मधी तोडता येत नाही.

आयर्लंडच्या हॉस्पिटलाचं तुला ठाऊकच आहे. नर्स म्हणून घ्यायला ते तयार आहेत, पण इंग्रजीची परीक्षा पास व्हायला पाहिजे. लिहिणं, वाचणं, बोलणं जमलं. ऐकण्यात मागच्या वेळी थोडक्यात गेले. या वेळी नाय झालं तर जागा दुसरीला जाणार. आणि झालं तर बाबांच्या माघारी या घरात आई एकटी राहणार. म्हणजे आत्या, नापास व्हायची धास्ती होती तशी पास व्हायचीपण होती. असा अभ्यास कोणी केला असंल का गं?

औरंगपुऱ्यात क्लास लावला. तिथले विश्वजीत सर म्हणाले, ऐकण्याच्या पेपरात टेप एकदाच वाजते, म्हणून ती सुरू व्हायच्या आधीच पेपरातल्या रिकाम्या जागा वाचून अंदाज बांधायचा. मला हसूच आलं. आपल्या खानदानात समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तर तयार असतं, हे काय शिकवणार मला! पहिली टेप भाड्याच्या घराची होती. घरमालक काय पुरवणार, असा प्रश्न. मी ठोकून दिलं, पाणी. (आमच्याकडं नळ आठवड्यातून कधी येतो ते त्यालाच माहीत. भाडेकरू दुसरं काय विचारणार?) टेपमधला मालक माळी द्यायला निघाला. माळी! आणि पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाय.

दुसऱ्या टेपनं तर पार इज्जत घालवली. एक माणूस सहलीला नाव नोंदवायला आलेला. बाईनं विचारलं, जेवण पाहिजे का? तो म्हणाला, नको. आता पहिल्याच फटक्यात हो कोणता भला माणूस म्हणतो? मी आपली पेन धरून बसले, की बाई आता आग्रह करील, हा म्हणंल बरं, थोडंसं. बाईनं परत विचारलंच नाही, सरळ बसच्या वेळेवर गेली. कानाला हेडफोन, त्यामुळं माझा आवाज मलाच कळेना. मी ओरडले, अगं विचार की परत त्याला! सगळा क्लास माझ्याकडं बघायला लागला. तोवर पुढचे प्रश्नही निघून गेले होते, आणि मी तर त्या माणसाच्या जेवणाचं "हो" असं लिहून ठेवलं होतं.

सर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, सुलेखा, अंदाज उत्तराचा नाही, जागेचा करायचा. इथं वार येणार, इथं किंमत येणार, एवढंच ओळखायचं. कोणता आणि किती, ते टेपला सांगू दे. आणि टेपमधली माणसं आधी एक सांगून मग बदलतात, तिथं घाई करायची नाही. हे मात्र मला पटकन उमगलं. अगं, ऑपरेशनच्या सकाळी पेशंटला विचारावं, काही खाल्लं का? नाय सिस्टर. थोडं थांबलं की, चहा घेतला. अजून थांबलं की, चहाबरोबर दोन पाव. वार्डात इतकी वर्षं मी हेच तर ऐकत आले! त्या दिवसापासून पेन वर धरून थांबायला लागले, आणि चुका भराभरा कमी झाल्या.

परवा परीक्षा झाली. एकही उत्तर माझ्या मनचं लिहिलं नाय. बाहेर आले तेव्हा लई हलकं वाटलं. निकाल येईल तेव्हा येईल. नापास झाले तरी ऐकायला शिकले, हे काय कमी आहे, असं मनाला सांगते.

तुझी,
सुलेखा

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. पाकीट बंद करता करता मोबाइलवर निकाल आला. पास झाले आत्या! चांगले मार्क पडले. मी रडले, आई रडली, शेजारच्या द्वारकाबाई कशासाठी ते न विचारताच रडल्या.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मी गेल्यावर तू इथं येऊन आईजवळ राहशील का? पाहुणी म्हणून नाय, कायमची. आईला विचारलं नव्हतं, भीतच होते. आत्ता तिनंच विचारलं, एवढं कोणाला लिहिती? मी म्हटलं, आत्याला, इथं राहायला ये म्हणून. ती उठली, आणि दुसरा पलंग मावावा म्हणून आपला पलंग भिंतीकडं सरकवायला लागली. पत्र टाकते आता, तिला एकटीला तो सरकंना.