ओढ्यापलीकडची रोपे पाहून बदललेले मृत्युपत्र

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती व औषधी रोपांची वाटिका, गावात 'मुळ्या' या टोपणनावाने ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आत्ताच मला तपासले. डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब मात्र चढलेला आहे, असे त्यांचे मत पडले. चढणारच! मी नुकताच टेकडी उतरून आलो आहे आणि अजून चपलाही काढलेल्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळी जमीन मुलाच्या नावे होती. ते का बदलले हे आधी सांगणे भाग आहे, नाहीतर माझ्यामागे "म्हाताऱ्याला चळ लागला होता" असे म्हणायला लोक मोकळे.

विशीत मी मुळे खणून विकत असे. टेकडीवर तेव्हा सर्पगंधा माजलेली होती. गुडघ्याएवढे झुडूप, लाल देठांवर पांढरी फुले, आणि मुळात रक्तदाब उतरवणारे औषध. व्यापारी पायथ्याशी गाडी लावून बसायचा. सहा वर्षांत मी टेकडी धुऊन काढली. बियांपुरते म्हणूनही एक झाड ठेवले नाही. माझे सासरे वैद्य होते. एकदा ते दिवसभर टेकडी पालथी घालून रिकाम्या हाताने परतले. मला वाटले, आता माझी धडगत नाही. ते एवढेच म्हणाले, "जावईबापू, खणलंत ते खणलंत. आता लावायचं कधी?"

लावायला मला वीस वर्षे लागली. तोवर सासरे गेले होते. शाळेतल्या बाईंच्या परसात एक झाड उरले होते. मी हातापाया पडल्यावर त्यांनी मुळांचे तीन तुकडे दिले. ते मी सुपारीच्या सावलीत, हळद आणि मिरीच्या वेलांमध्ये लावले. हळद-मिरीने घर चालवले, मुलीला शिकवले. मुलीने पुढे त्याच सावलीत वाटिका काढली. आज अडुळसा, शतावरी, गुळवेलीच्या रोपांवर अकरा बायकांच्या चुली पेटतात. आणि मी दरवर्षी टेकडीवर सर्पगंधेचे बी टाकत राहिलो. उंदरांनी खाल्ले, बकऱ्यांनी खुडले, दोनदा वणव्यात जळाले. जी दोन-चार झाडे जगली ती मीच पाणी घालून जगवलेली.

गेल्या सोमवारी मुलगी धापा टाकत आली. "बाबा, चला लवकर!"

"अगं, झालं काय?"

"आधी चपला घाला, मग सांगते."

टेकडीवरच्या ओढ्यापलीकडे, जिथे मी जन्मात कधी बी टाकले नाही, तिथे सर्पगंधेची कोवळी रोपे! पाखरांनी मळ्यातल्या झाडांची फळे खाऊन बी तिकडे नेले असणार. मी विचारले, "मोजलीस?" ती म्हणाली, "तीनदा. एक्केचाळीस आहेत." मी मटकन चिखलात बसलो आणि हसतच सुटलो. लेक घाबरली, मग तीही हसायला लागली. टेकडी आता स्वतःचे स्वतः करू लागली आहे! तेव्हापासून मी रोज चढतो आहे.

मळ्यातली सावली तुटली, तर हे बी पुन्हा संपेल. म्हणून आता पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

एक. राहते घर आणि खालचा सपाट पट्टा मुलाला. तिथे त्याने खुशाल अननस लावावा. मी इस्पितळात असताना त्याने मळ्यातली सावलीची चार फणसाची झाडे करवतीने पाडली, ते मी विसरलेलो नाही. "सावली विकून कुणाचं पोट भरलंय, बाबा?" असे तेव्हा त्याने मला खाटेशेजारी उभे राहून विचारले होते. सुपारीचा मळा त्याला देत नाही, त्याचे कारण हेच.

दोन. सुपारीचा मळा, विहीर व वाटिका मुलीला. एकही सावलीचे झाड तोडू नये. बायकांची येण्याजाण्याची वाट अडवू नये. विहिरीचे पाणी भावाला द्यावे, तोंड वाकडे न करता.

तीन. सासऱ्यांची औषधांची वही डॉक्टरीणबाईंना. त्यांनी तिच्यात लाल शाईने अकरा ठिकाणी काट मारली, त्यावरून आमचे महिनाभर वाजले. काट तशीच राहू द्यावी. माझ्या हातचे मूळ घेऊन शेजारची आजी चक्कर येऊन पडली होती, ती या बाईंमुळे वाचली. त्यांना विचारल्याशिवाय सर्पगंधेचे मूळ कोणीही कोणाला देऊ नये.

चार. माझी खणायची पहार कोणालाच देत नाही. लोहाराकडून तिची खुरपी करून घ्यावीत.

पाच. तो व्यापारी अजून हयात आहे. माझ्यामागे भेटायला आला तर चहा द्यावा. टेकडीची वाट दाखवू नये.

इथवर लिहून होते तोच मुलगा आला. कागद त्याने उभ्या उभ्या वाचला. मी भांडणाच्या तयारीने कंबर कसून बसलो. त्याने कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "मळा ताईलाच द्या. पण बाबा, उद्या मला वर घेऊन चला. मला ते रोप ओळखताच येत नाही."

सेहेचाळीस वर्षांचा झाला, आणि मी त्याला कधी दाखवलेच नव्हते! खणताना लाज वाटली नाही, लावताना वाटत होती. म्हणून एकटाच जात राहिलो.

तेव्हा शेवटचे कलम. मुलाला पान, देठ, फूल आणि फळ ओळखायला शिकवणे आहे. ओढ्यापलीकडच्या रोपांना फुले यायला दोन पावसाळे जातील. तोवर हे मृत्युपत्र अमलात आणण्याची घाई कोणी करू नये. मी तर मुळीच करणार नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

(सही) मुळ्या

आमच्यासमक्ष सही केली:
१. शाळेतल्या बाई, निवृत्त
२. गावचे पोस्टमन

ठिकाण: राहत्या घराची ओसरी
दिनांक: ९ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा