तळ्याबद्दल तीन खात्यांचं एकमत

तीर्थस्वरूप काकांना, पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंचा खोकला थांबला का? ताईचं बाळ एव्हाना तुम्हाला ओळखायला लागलं असेल (आणि त्याला आंघोळ कशी घालावी यावरून तुमचं तिच्या सासूबाईंशी वाजलंही असेल). इकडे ही आणि मुलं मजेत आहेत. माझं विचाराल तर कालपासून घशाखाली घास उतरलेला नाही, आणि त्याचं कारण, काका, तुम्ही आहात.

मला समन्वय अधिकारी नेमलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, म्हणजे नेमकं करायचं काय? मी विषय बदलला होता, कारण मलाच माहीत नव्हतं. आता सांगतो. हवामान, पाणी आणि शेती ही आमची तीन खाती एकाच इमारतीत बसतात, एकाच जिन्याने वर जातात आणि तुमच्या आळीच्या डोक्यावरच्या त्या एकाच तळ्यावर संशोधन करतात. एकमेकांशी मात्र बोलत नाहीत. (हवामानवाल्यांच्या खिडकीसमोर शेतीवाल्यांची खिडकी येते, म्हणून दोघांनीही खिडकीला कपाटं लावून टाकली आहेत. हवामानवाल्यांना बाहेर पाऊस पडतोय की नाही हे शिपायाला विचारावं लागतं.) या तिघांचं संशोधन एकत्र आणणं, हे माझं काम. आल्याआल्या मी तळ्याच्या पातळीचे तिघांचे आकडे शेजारीशेजारी मांडले आणि चाटच पडलो. तिघांचा आकडा एकच, केसाचाही फरक नाही! शिवाय उन्हाळा असो की पावसाळा, तो जागचा हलत नाही. मोठ्या साहेबांना दाखवलं तर त्यांना भरून आलं. तीन खात्यांचं कशावर तरी एकमत झालेलं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. तळं इतकं समजूतदार असेल तर सांडवा हवा कशाला, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर पडायची ती एकुलती एक वाट, तुम्हाला काय सांगायचं) बुजवायचा आणि त्या जागेवर तिन्ही खात्यांचं संयुक्त संशोधन केंद्र उभं करायचं. सोमवारी सही आहे आणि मंगळवारी सिमेंट येतंय.

या आनंदाच्या भरात मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, रोज तळ्यावर जाऊन पातळी वाचणाऱ्या तिन्ही खात्यांच्या निरीक्षकांचा सत्कार करावा. तिन्ही खात्यांकडून फोटो मागवले. पहिला लिफाफा फोडला, त्यात रेनकोट घातलेले तुम्ही. मला अभिमान वाटला, लगेच हिला फोन करून सांगितलं. दुसरा फोडला, त्यात छत्री घेतलेले तुम्ही. तिसरा लिफाफा मी पाणी पिऊन मग फोडला. त्यात गमबूट घातलेले तुम्ही, आणि चेहऱ्यावर असा भाव की जन्मात कधी रेनकोट पाहिला नाही.

काका, एकेकाला आडून विचारलं तेव्हा कळलं की तिन्ही साहेबलोक वेगवेगळे तुमच्याकडे आले, चहा प्यायले, पातळी वाचायचं काम तुमच्यावर सोपवलं, आणि प्रत्येकाने जाताना बजावलं की बाकीच्या दोन खात्यांना हे कळता कामा नये. तुम्ही तो शब्द पाळलात. सबंध सरकारात गुपित पाळलेला एकच माणूस निघाला, आणि तो आमच्या घरातला निघावा!

तरी मी मनाची समजूत घातली. म्हटलं, माणूस एक असेना, आकडा तर खरा आहे. म्हणून काल बस पकडून तळ्यावर गेलो. तुमच्या दाराला कुलूप. तुम्ही ताईकडे गेलाय हे शेजारच्या शिंप्यांकडून कळलं. पण मग काल सकाळी तिन्ही खात्यांना आकडे आले ते कुठून? शिंप्यांनी शिलाई न थांबवता सांगितलं की ते त्यांनीच कळवले. तुम्ही जाताना तुमचा फोन आणि परत येईपर्यंतचे सगळे आकडे आगाऊ त्यांच्याकडे देऊन गेलात. (फोन तुमच्याजवळ नाही आणि ताईचा लागत नाही, म्हणूनच हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवतोय.) मग ते मला काठावर घेऊन गेले आणि तुमची मोजपट्टी दाखवली. काका, ती पट्टी पोहणाऱ्यांच्या तराफ्याला ठोकलेली आहे! पाणी चढलं की तराफा चढतो, पाणी उतरलं की तराफा उतरतो, आणि तुमची पट्टी त्याच्याबरोबर झोके घेत एकच आकडा दाखवत बसते. या आकड्यावर हवामानवाल्या साहेबांनी परिषदेत भाषण दिलं आहे. शेतीवाल्या बाईंना त्यावर डॉक्टरेट मिळाली आहे.

मी तुमच्यावर भयंकर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण पुढचं शिंप्यांनीच सांगितलं. आधी प्रत्येक खात्याने काठावर आपापला खांब पुरला होता, आणि प्रत्येकाचा खांब दुसऱ्याने अतिक्रमण म्हणून उपटून नेला. कुठल्याच खात्याच्या मालकीचा नाही असा सबंध तळ्यात तो तराफाच उरला होता, म्हणून तुम्ही पट्टी त्याला ठोकलीत. आणि तसं तिन्ही खात्यांना सांगितलंही होतंत. तिघांनीही उत्तर दिलं की आकडे वेळेवर येत आहेत, आमची काही तक्रार नाही. हे ऐकून माझा राग गेला. परत येताना तळ्याच्या भिंतीखालून, तुमच्या आळीतून चालत आलो. पलीकडच्या पाण्याची ओल भिंतीवर इतकी वर आली आहे की मान वर करून बघावी लागली. खाली लोक कपडे वाळत घालत होते.

आज सकाळी तिन्ही साहेबलोकांना एका खोलीत बसवलं आणि तराफ्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी असं त्यांना होईल. कसचं काय! आधी प्रत्येकाने बाकी दोघांकडे चोरून पाहिलं, आणि तेही तितकेच बुडालेत हे कळल्यावर तिघांचेही चेहरे खुलले. पाणीवाले साहेब मला समजावून म्हणाले, "चूक तिघांचीही सारखीच आहे ना? मग तिला चूक कसं म्हणता येईल?" शेतीवाल्या बाईंनी माझं निरीक्षण नोंदवून घ्यायची तयारी दाखवली, पण ते एकट्याचं, आणि समोर तीन खात्यांचे जुळणारे आकडे. तिघांनी मिळून चहा मागवला. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच तिघे एकत्र हसले, आणि मोठ्या साहेबांनी दारातून डोकावून माझं अभिनंदन केलं, की समन्वय म्हणतात तो हाच.

काकूंना नमस्कार, बाळाला पापा. तुमचा, मोठ्या हुद्द्यावरचा आणि अजिबात उपयोगाचा नसलेला,
पुतण्या

ता. क. : खरं कामाचं वर लिहायचा धीर झाला नाही. चहा संपल्यावर तिघांनी एक तोड काढली. चूक तिन्ही खात्यांच्या बाहेरची ठरली तरच सोमवारची सही थांबवता येईल. म्हणजे तुम्ही यायचं आणि मोठ्या साहेबांसमोर म्हणायचं, "पट्टी मी कुणालाही न सांगता तराफ्याला ठोकली." हे धडधडीत खोटं आहे, मला माहीत आहे. तुम्ही हे सांगताना मला तुमच्या शेजारी उभं राहावं लागेल आणि मान खाली घालावी लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी एका शब्दाने बोलणार नाही. पण काका, घालवायला बढती नाही असे या सगळ्यात तुम्ही एकटेच आहात. आळी वाचेल.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करताना शिंप्यांचा फोन आला. वर डोंगरात पाऊस लागलाय. पाणी सांडव्यावरून वाहायला लागलंय, आळीतले लोक काठावर जमलेत. मी घाबरून तिन्ही खात्यांत धावत गेलो, पण माझ्या आधी आजचा आकडा पोचला होता. तो नेहमीचाच आहे, आणि तिघेही निर्धास्त आहेत. काका, मिळेल त्या बसने निघा.