अर्धी वळलेली वात

रविवार, दिवेलागण. नवा रायपूर.

मी वाती वळून राहिली होती. पोट्टी जवळ येऊन बसली. घरात कायम हिंदीत बोलणारी माझी लेक आज शब्द शोधत शोधत मराठीत सांगू लागली. "आई, आकाशगंगा अशाच लांब धाग्यांवर असतात. धागा कोणत्या दिशेनं चालला, त्यावर त्यांचं स्वतःभोवती फिरणं पण थोडंफार ठरते." माझ्या हातातल्या वातीकडे बोट दाखवत होती.

आणि मी काय विचारलं? "हे शिकून इथल्या मंत्रालयात नोकरी लागते का?"

"रहने दो, मम्मी," म्हणून ती उठली.

काहून बोलली मी? ती वात अजून ताटलीत अर्धीच वळलेली आहे. एवढे मोठे धागे वळते कोण, हे मले खरंच विचारायचं होतं. आता हिंदीत विचारलं, तर सांगेल का?