वरचा एक

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

झालं एकदाचं. गटाचं ॲप सुरू झालं.

सकाळी कोयते, सुऱ्या, वजनकाटा, टोपल्या आणि त्यांच्याच रांगेत संगणक. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. हे बोटीची पूजा आटपून आले आणि म्हणाले, "या टीवीला पन फूल?" टीव्ही नाही तो, म्हटलं. पण आमच्या घरात काचेचं सगळं टीव्हीच.

नवापूरच्या आमच्या सुक्या मासळीच्या गटात अठरा बायका. आजवर वहीत लिहायचो — कोणाकडे किती बोंबील, कोणाकडे किती जवळा. आता बोईसर-पालघरचे दुकानदार, खानावळवाले फोनवरच बघणार, फोनवरच मागणी टाकणार. हे सगळं बनवलं आमच्या सुनेनं, पूर्वीनं. पालघरची मुलगी, संगणकाचं शिकलेली. लग्नाला सहा महिने झाले. बोंबील अजून तिच्या हातून निसटतो, पण ॲप मात्र एकटीनं केलं.

अध्यक्ष म्हणून शेवटचं काम माझ्या हातून. पूर्वी म्हणाली, "आई, या चौकोनात आवृत्तीचा आकडा टाका. एक पॉइंट शून्य. मग हे बटण दाबा." पुढेही काही समजावत होती, सगळे फोन हा आकडा बघतात वगैरे. पण तेवढ्यात नारळ फुटेना, माझं लक्ष तिकडे. मग तीही नारळाकडे गेली.

शून्य! शुभकार्यात शून्यावर संपणारा आकडा कोण देतं? आहेराच्या पाकिटावरसुद्धा वरचा एक रुपया आधीच चिकटवलेला मिळतो. पोरगी हुशार आहे, पण हे तिला कोणी सांगितलं नसेल. मी शून्य खोडलं, एक टाकला. १.१. बटण दाबलं. कोणाला बोलले नाही. बोलण्यासारखं काय त्यात?

शनिवार, ४ ऑक्टोबर

दोन दिवस डोकं उठलंय. सगळ्यांच्या फोनवर एकच — 'नवीन आवृत्ती आली आहे. आत्ताच घ्या.' घेतली. गोल गोल फिरलं. झालं म्हणाला. पाच मिनिटांनी परत 'नवीन आवृत्ती आली आहे.'

गटातल्या सलोनीनं इतक्या वेळा घेतली की तिचं नेट संपलं. साखरबाईंचा फोन आला. कुंभवलीला कारखान्यातल्या पोरांची खानावळ चालवतात, आमचं मोठं गिऱ्हाईक. मूळच्या सोलापूरकडच्या. "आवं जमनाताई, चार येळा घेतलं, आता पाचव्यांदा मागतंय. ताट वाढू का त्याला?"

पूर्वीला सांगितलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी पूर्वी संगणकापुढे बसली आणि मेसेज थांबला. शाबास म्हटलं.

दसऱ्यापासून मी एक नेम केलाय. संध्याकाळी साडेसहाला दिवा, उदबत्ती, मग संगणक उघडून आपल्या आकड्याचं दर्शन. आज उघडते तर काय — १.०! वरचा एक गायब. जुना संगणक, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. गिळला असेल. परत टाकला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

मेसेज परत सुरू.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रोजचंच झालंय. सकाळी पूर्वी बसते, काहीतरी करते, मेसेज थांबतो. रात्रीपर्यंत परत हजर. एवढी शिकलेली, पण तिची दुरुस्ती एक दिवससुद्धा टिकत नाही. कुठे चुकते कोण जाणे.

माझं मात्र चोख. संगणक रोज एक गिळतो, मी रोज संध्याकाळी परत टाकते. कंटाळा केला नाही.

हे म्हणतात, "मी फोन बोटीत घेऊन जातंय. समिंदरात रेंज नाय. तितं तो गप असतो नि मी पन."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

बोंबील दोऱ्यांवर घालत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टांगायचे, एवढंच. पण पूर्वीला ते दात बोचतात. तरी येते, बसते, अडकवते. तिचे निम्मे खाली पडतात, ते मी मागून उचलते.

दीपिका — गटाची सचिव, वहीची कैवारी — सगळ्यांपुढे म्हणाली, "जमनाबाय, तुज्या सुनेचं ॲप रोज बालंत होतं. बाल काय दिसत नाय."

बायका हसल्या. मीपण हसले. हसू आलं, काय करणार? मग पूर्वीकडे लक्ष गेलं. ती खाली बघत होती, हातात दोन बोंबील तसेच. बोटातून रक्त आलं होतं.

हसायला नको होतं मी.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पूर्वी जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, एक विचारू? तुम्ही त्या आकड्याला हात लावता का?"

मला राग आला. हात लावता का म्हणजे? अध्यक्ष कोण? मी म्हटलं, "मी फक्त बरोबर करते. तुझं काम तू नीट कर म्हणजे झालं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग "बरं" म्हणून आत गेली. एवढं बघण्यासारखं काय होतं?

सोमवार, १३ ऑक्टोबर

पूर्वी बोलत नाही. विचारलं तर हो, नाही, ठेवलंय, झालं. दर्पण दुसरी पाळी करून आला तोही तसाच. आमच्या मुलाला एरवी तारापूरच्या कारखान्यातल्या गप्पा जेवताना आवरत नाहीत. आज आमटी दोनदा मागितली, बाकी शब्द नाही.

एक गिळला होता. टाकला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दीपिकानं रविवारी बैठक लावली आहे. विषय एकच — ॲप बंद, वही सुरू. साखरबाईपण म्हणाल्या, "लई झालं. पाम गावची एक बाई दारात आणून देती सुकट. तिच्याकडं काय बी अपडेट नसतं."

दहा-अकरा बायका दीपिकाकडे आहेत. ॲप गेलं तर पूर्वी दिवसभर घरात काय करणार? बोंबलांचे दात मोजणार?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दर्पणनं सांगितलं. पूर्वीला पुण्यात नोकरी लागली आहे. सोमवारीच हो म्हणून कळवलं. दिवाळी झाली की जाणार. सहा महिने तिथेच राहायचं, पुढचं पुढे.

मी म्हटलं, चांगलंय. शिकलीय ती, इथे मासळीच्या वासात कशाला कुजावं?

तसं तोंडानं म्हटलं. खरं इथे लिहिते. मला आवडलेलं नाही. सकाळी माझ्याआधी उठून माझा चहा झाकून ठेवते. माझा चष्मा कुठे आहे हे मला माहीत नसतं, तिला असतं. सहा महिन्यांत तिची सवय लागली, आणि मी तिला एकदाही हे बोलले नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दिवा लावला. आकडा टाकला. आज उदबत्ती विसरले.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पूर्वी कालपासून माहेरी पालघरला आहे, फराळाचं करायला. सकाळी मेसेज थांबला. तिथूनही काम करते बिचारी.

संध्याकाळी दिवा लावून संगणक उघडला. १.०. एक टाकणार, तेवढ्यात मागून दर्पण. म्हणाला, "आई, तुला ती घरात नको हाय तर सरल सांग. असं नको करू."

मी म्हटलं, कसं?

म्हणाला, "सगल्यांच्या फोनात एक पॉइंट शून्य हाय. तू चौकोनात एक पॉइंट एक लिवतेस. फोनाला वाटतं मोठं कायतरी आलं, म्हणून तो मागतो. मिलतं तेच जुनं, म्हणून परत मागतो. पूर्वी रोज सकाली तो आकडा सरल करते. तू रोज संध्याकाली वाकडा करतेस. तितं नाव येतं आई, वेल पन येते. जमना, साडेसहा. रोज."

मी बटणावरचं बोट मागे घेतलं.

म्हणजे संगणक काही गिळत नव्हता. सकाळी ती पुसत होती आणि संध्याकाळी मी लिहीत होते. दोघी एका घरात, एका चुलीवर! आणि बायका हसत होत्या तिला.

"मग ती बोलली का नाय?"

"विचारलं ना तिनं. तू म्हनालीस, मी बरोबर करते. तिला वाटलं तू मुद्दाम करतेस. चारचौघींत सासूचं नाव कसं घेनार? मला पन पाच-सहा दिवसांपूर्वी सांगितलं, ते पन रडून."

वरच्या एकाचं त्याला सांगितलं. आधी त्याला कळेचना. मग कपाळावर हात मारून हसला. मला हसू आलं नाही. तिला हाकलायला मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बसते असं वाटलं असेल तिला. काय वाटलं असेल!

एक टाकला नाही. १.० तसाच ठेवला.

रविवार, १९ ऑक्टोबर

बैठक झाली. पूर्वी पालघरहून परस्पर तिथेच आली, मागे दाराजवळ बसली. मला वाटलं होतं आधी तिला एकटीला गाठावं. जमलं नाही, आणि तेच बरं झालं.

दीपिका उभी राहिली आणि वही काढली. मी म्हटलं, दीपिका, बस जरा. मग सगळं सांगितलं. नारळ फुटत नव्हता तिथपासून. शून्य बघवलं नाही, एक टाकला, रोज टाकला, तेरा संध्याकाळी टाकला. पूर्वीची काडीची चूक नाही. तिनं माझं नावसुद्धा घेतलं नाही. ज्यांना हसायचं त्यांनी मला हसा.

कोणी हसेना. मग दीपिकाच म्हणाली, "शून्य मी पन ठेवला नसता गो." आणि मग जो हशा उठला! सलोनी तर भिंतीला टेकली. कोणी म्हणे मी असते तर अकरा टाकले असते. कोणी म्हणे बरं झालं, एकवर थांबली.

ॲप राहिलं. वही दीपिकानं घरी नेली. पुन्हा काढणार नाही असं मात्र म्हणाली नाही.

बाहेर आल्यावर पूर्वीला विचारलं, "माझ्यामुले चाललीस ना?"

ती म्हणाली, "हो म्हटलं तेव्हा तुमच्यामुळे. आता नोकरीसाठी. काम चांगलं आहे, आई."

खोटं बोलली नाही. राहतेच म्हणाली असती तर मला आवडलं असतं. पण ते ऐकून मग मीच तिला जा म्हटलं असतं, असंही वाटतं. नक्की माहीत नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

पूर्वीनं खरीखुरी १.१ काढली. शून्यावर नको तुम्हाला, म्हणाली. आत नवीन काय, तर आता फोटो टाकता येतो. माझ्या बोंबलांचा टाकला. बरा आलाय.

फोन वाजले — 'नवीन आवृत्ती आली आहे. आत्ताच घ्या.' एकीनंही घेतली नाही! दुपारभर मी दारोदार फिरले. घ्या गो, आज खरंच आलंय. दीपिका म्हणाली, "शप्पत घे." घेतली. तेव्हा तिनं बटण दाबलं.

साखरबाईंना फोन केला. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग सव्वा किलो जवळा पाठवा. नुसता किलो नको." हसवून मारतील.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

फराळ, माणसं, भांडी. लिहायला वेळ नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

गेली. दर्पण पोचवायला गेलाय.

जाण्याआधी सकाळी माझ्यासोबत बसून एक अख्खी दोरी बोंबलांनी भरली. एकही पडला नाही. डब्यात सुकट दिली तर म्हणाली, पुण्याच्या खोलीत वास सुटेल. तरी घेतली. संगणकाचं सगळं सलोनीला शिकवून ठेवलंय. चौकोन मात्र माझ्याकडेच. "तो अध्यक्षांचा," म्हणाली.

घरात चष्मा सापडत नाही. तो न लावताच लिहिते आहे, अक्षर कसं आलंय कोण जाणे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मेसेज येतात. 'जेवले.' 'पोचले.' 'काम आहे.' फोन नाही. दमत असेल. मी केला तर मीटिंगमध्ये असते. मग मी पण करत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साडेसहाला दिवा लावला. संगणक उघडला. १.१ होता. बराच वेळ बघितला. मग १.२ केला.

आधी दीपिकाचा फोन आला. तो उचलला नाही. सातव्या मिनिटाला पूर्वीचा आला. "आई, आकडा?"

"हो का? बगते हां. जेवलीस का तू?"

पाऊण तास बोललो. सुकटीचा वास शेजारच्या मुलींना आवडला म्हणे, डबा संपला. चष्मा फ्रीजवर आहे, तिनं तिथून सांगितलं. ती फोनवर असतानाच १.२ पुसून परत १.१ केला.

फोन ठेवताना म्हणाली, "आई, उद्या साडेसहाला नको, सातनंतर टाका. आधी मला मीटिंग आहे."