कोरी ओळ

रविवार संध्याकाळ, धामणगाव बढे

कपाशीवर टॉनिक फवारताना बाबा दरवेळी एक ओळ कोरी सोडतात. आज ती बघायला मीही शेतात गेले. कोरी ओळ बाकीच्यांइतकीच हिरवी! "टॉनिक फुकट गेलं," बाबा हसले. "हे ओळ सोडली नसती तं समजलं असतं काय?"

तेव्हापासून चैन नाही. विद्यापीठाच्या लॅबमध्ये चमक देणारं नवं जनुक घातल्यावर माझे जिवाणू चमकले म्हणून सरांनी पाठ थोपटली. पण ते जनुक न घातलेल्या जिवाणूंची कोरी प्लेटही चमकली होती. ती मी गुपचूप टाकून दिली. काहीतरी चुकलं असेल, म्हटलं. मग पुन्हा करून का नाही पाहिलं?

"तुमच्या लॅबमंदी ठेवता काय अशी कोरी ओळ?" बाबांनी विचारलं.

"हाव," म्हटलं.

सरांचा नंबर फोनवर दोनदा काढला, पण लावला नाही. फुकट गेलं, हे बाबांसारखं हसत कसं म्हणायचं?