बाप न पाहिलेल्या पोराची फुंकर

केलीव्हिल, ११ ऑगस्ट २०२१
ईशान महिन्याचा झाला. ठाण्याला व्हिडिओ कॉल केला. सासूबाईंना नातू बघायचाच नाही. "यायच्या आधीच बापाला गिळलंन. पांढऱ्या पायाचं पोर." निखिल एप्रिलमध्ये देशाबाहेर जायची खास परवानगी काढून ठाण्याला गेला तो यांच्याच कोविडमध्ये, यांचं करायला. या उठल्या, तो गेला. फ्लाइट्स बंद, मी इथे पोटुशी. त्याचं तोंडसुद्धा...

१४ ऑग.
शेजारची मॉरीन कुंपणापाशी आली, मास्क लावून. नातीची जीभ पांढरीफटक झालीय, दूध पीत नाही. केमिस्टचं जेल चालू आहे. मग चाचरत म्हणाली, आयर्लंडमध्ये तिच्या गावी बाप गेल्यावर जन्मलेल्या पोराच्या श्वासाला गुण असतो. त्याने तोंडात फुंकर घातली की पांढरं जातं. "आणशील का त्याला, लव्ह?"
तळपायाची आग मस्तकात गेली. मी विधवा झाले ती हिच्या नातीच्या सोयीसाठी? दार आपटून आत.

१५ ऑग.
मॉरीनला हसायची सोय नाही. निखिल पायाळू होता. कुणाला उसण भरली की अख्खी बिल्डिंग त्याच्याकडून कमरेला लाथ मारून घ्यायची. सासूबाई कौतुकाने सगळ्यांना चहा पाजायच्या. मुलाचा पाय औषध, नातवाचा पांढरा. वा!

१७ ऑग.
गेले त्याला घेऊन. जग कोपराने दार उघडतंय आणि आम्ही कुंपणावरून दोन बाळांची तोंडं जवळ धरतोय. फुंकर कसली, जांभई दिली त्याने. मॉरीनला तीही चालली. थँक यू नाही. म्हणे आभार मानले की गुण जातो. सोयीचं आहे! पण त्याच्याकडे बघत राहिली, "किती देखणा गं" म्हणाली. त्याला असं कुणी म्हटलंच नव्हतं. तिच्यासमोर रडले, याचाही राग आला.

२२ ऑग.
नात दूध पितेय. जेलनेच असणार, कळतं मला. तरी सासूबाईंना ऐकवलंच: जिभेवरचं पांढरं जावं म्हणून इथे लोक माझ्या मुलाचा श्वास मागायला येतात. बरं वाटलं.

२४ ऑग.
सासूबाईंचा फोन, पहिल्यांदाच आपणहून. कोविडनंतर दम्याचा पंप लागलाय, त्याने जीभ पांढरी झालीय. "औषध घेतेच आहे गं. तू त्याला जरा फोनजवळ धर. एक फुंकर घालू दे." कसा आहे, विचारलं नाही. स्क्रीनवर आ वासून बसल्या.
म्हटलं, "झोपलाय. उठला की करते." खरंच झोपला होता.
फोन परत वाजतोय. ईशान केव्हाचा उठलाय.